जुन्या बोर्डावर कोअरबूट घातलं, पण रॅम उठत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कुणासाठी आहे?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात ज्यांच्या माळ्यावर एखादा जुना डेस्कटॉप पडून आहे आणि ज्यांनी त्यावर कोअरबूट किंवा लिबरबूट (मूळ बायोसच्या जागी बसणारं, मुक्त सोर्सचं फर्मवेअर) चढवायचा घाट घातला आहे, त्यांच्यासाठी. माझा हात जास्त बसलाय तो गिगाबाइटच्या जीए-जी४१एम-ईएस२एल या बोर्डावर. इंटेलचा जी४१ चिपसेट २००८ सालचा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपांनी ऑफिसातले संगणक बदलले तेव्हा असे बोर्ड किलोच्या भावाने भंगारात निघाले, त्यातले काही माझ्याकडे आले. त्यामुळे खालची बहुतेक उत्तरं या बोर्डाच्या अंगाने आहेत. थिंकपॅड एक्स२०० लॅपटॉपवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं लिहिलंय.

फ्लॅश कसं करायचं, म्हणजे फर्मवेअरची फाइल (रॉम) बोर्डाच्या चिपमध्ये कशी लिहायची, हे इथे शिकवलेलं नाही. फ्लॅश झालंय, पंखा फिरतोय, स्क्रीन काळी आहे, तिथून पुढची ही गोष्ट.

रॅम इनिशियलायझेशन म्हणजे काय? आजवर तर रॅम खोचली की चालायची.

चालायची, कारण मूळ बायोस ते काम मुकाट्याने करून मोकळा व्हायचा. बटण दाबल्यावर प्रोसेसर जागा होतो तेव्हा रॅम त्याच्या लेखी नसतेच. तो पहिली आज्ञा फ्लॅश चिपमधून उचलतो. कोअरबूटमध्ये या पहिल्या तुकड्याला बूटब्लॉक म्हणतात. त्यानंतर रोमस्टेज येतो आणि रॅम उठवायचं काम त्याच्याकडे असतं. आता पेच असा की, कोणताही प्रोग्राम चालायला थोडी तरी मेमरी लागते आणि इथे तर मेमरीच उठवायची आहे. म्हणून प्रोसेसरच्या आतल्या कॅशलाच, म्हणजे त्याच्या छोट्या वेगवान मेमरीलाच, तात्पुरती रॅम म्हणून वापरतात. पाहुणे दारात आणि चूल अजून पेटायची आहे, तेव्हा शेजारच्या स्टोव्हवर चहा टाकतो ना, तसंच.

मग रोमस्टेज प्रत्येक मॉड्यूलला, म्हणजे रॅमच्या प्रत्येक पट्टीला, त्याची ओळख विचारतो. मॉड्यूलवर कडेला आठ पायांची एक बारकी चिप असते, तिच्यात एसपीडी नावाची माहिती असते. डीडीआर२ आणि डीडीआर३ या रॅमच्या पिढ्यांमध्ये ही माहिती २५६ बाइटची. रॅम कोणत्या पिढीची, किती रँक (एकदम वाचले जाणारे चिपांचे गट), किती रांगा, किती स्तंभ, कोणत्या वेगाला किती लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ), हे सगळं त्यात आलं. ती एसएमबस नावाच्या दोन तारांच्या मंद वाटेवरून वाचली जाते. वाचून झाली की दोन्ही मॉड्यूलना झेपेल असा वेग ठरतो, घड्याळ लागतं, कंट्रोलरची, म्हणजे चिपसेटमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाची, रजिस्टरं भरली जातात.

त्यानंतरचं काम सगळ्यात नाजूक. त्याला ट्रेनिंग म्हणतात. आषाढीच्या दिंडीत चाललेला माणूस हे पटकन समजेल. मृदंगावर ठेका पडला की तो लांबच्या टाळकऱ्याच्या कानावर किंचित उशिरानेच पडतो. दिंडी लांब असली तर दूरचे टाळ जवळच्यांशी जुळत नाहीत. बोर्डावर कंट्रोलरपासून रॅमपर्यंतच्या तारांची लांबी सारखी नसते, शिवाय प्रत्येक मॉड्यूलची चाल निराळी. म्हणून कंट्रोलर वाचनाची वेळ कणाकणाने पुढेमागे सरकवून पाहतो. कुठून कुठपर्यंत आकडे बरोबर येतात ती खिडकी शोधतो आणि तिच्या मधोमध बसतो. खिडकी सापडली नाही, किंवा इतकी अरुंद निघाली की मधोमध बसणं म्हणजे काठावरच बसणं झालं, की तुम्ही हे पान शोधत येता.

स्क्रीन काळी आहे. म्हणजे रॅमच ना?

नाही. बोर्ड घेऊन येणाऱ्यांची सर्वांत नेहमीची चूक हीच. काळी स्क्रीन म्हणजे फक्त चित्र आलं नाही. कोअरबूटमध्ये ग्राफिक्स सुरू करायचा भाग वेगळा असतो. तो बिल्डमध्ये राहून गेला, किंवा स्लॉटात वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे आणि त्याचा रॉम चालवायची सोय ठेवलेली नाही, तरी रॅम ठणठणीत असताना स्क्रीन काळीच राहते.

सोपी चाचणी अशी. आधीच लिनक्स घातलेली हार्ड डिस्क लावा, नेटवर्कची केबल जोडा, दोन मिनिटं थांबा आणि राउटरच्या यादीत नवं मशिन दिसतं का बघा. दिसलं तर रॅम उठली आहे, तुमचं भांडण ग्राफिक्सशी आहे.

जाता जाता एक: या बोर्डाच्या बिल्डमध्ये नेटवर्कचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) तुम्ही स्वतः दिला नाही तर एक ठराविक पत्ता लागतो. तेव्हा जुन्या पत्त्याने शोधू नका. एकाच घरात असे दोन बोर्ड असतील तर ते त्या पत्त्यावरून भांडतील, तेही रॅमच्या नावावर खपवू नका.

“दादा, मी रॅम घासून बघितलो, काय बी दाखवंना.”

खोडरबर हे आपल्या भागातलं राष्ट्रीय हत्यार आहे आणि त्याला मी नावं ठेवणार नाही. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात चार महिने बंद पडलेल्या मशिनच्या सोनेरी पट्ट्यांवर खरोखरच थर चढतो. हलक्या हाताने घासा, पट्ट्या पुसून घ्या, रबराचा चुरा स्लॉटात पडू देऊ नका. स्लॉटात आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. पण मूळ बायोसवर तीच रॅम चालत होती आणि कोअरबूट घातल्यावर त्याच दिवशी बंद पडली, तर घासून काय साधणार? मळ काही बायोस बघून बसत नाही.

मग नेमकं कुठे अडकलंय हे कळायचं कसं?

सीरियल पोर्टवरून. याला दुसरा सोपा मार्ग नाही आणि मी हा मुद्दा सोडणार नाही, कारण ज्यांनी सीरियल लावला त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एका संध्याकाळीत सुटला, आणि ज्यांनी नाही लावला ते महिनाभर रॅमची अदलाबदल करत बसले.

कोअरबूट उठल्यापासून आपण काय करतोय हे सीरियल पोर्टवर बोलत असतं. दुसऱ्या संगणकावर टर्मिनल उघडा, वेग ११५२००, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. बिल्ड करताना मेनूकॉन्फिगमध्ये (कोअरबूटचे पर्याय निवडायच्या मेनूत) कन्सोलची पातळी सगळ्यात बडबडी ठेवा, आणि डीबगिंगच्या भागात रॅम सेटअपचे सविस्तर संदेश देणारा पर्याय चालू करा. त्याने बूट बराच मंदावतो. बंद पडलाय असं समजून बटण दाबू नका.

केबल? इथे बेळगावकर सुदैवी आहेत. उद्यमबागेत ज्यांचं सीएनसी मशिनशी काम आहे त्यांच्याकडे आरएस-२३२ ची केबल आणि यूएसबीला जोडायचा कन्व्हर्टर असतोच, प्रोग्राम मशिनमध्ये पाठवायला तो रोज लागतो. ओळखीच्या माणसाकडून रविवारपुरता मागून आणा. मात्र सीएनसीची केबल बहुधा एका टोकाला २५ पिनांची असते आणि तिच्यातल्या काही पिना आपसात जोडलेल्या असतात. आपल्याला फक्त तीन तारा हव्यात: पाठवायची, घ्यायची, ग्राउंड. पाठवणारी समोरच्या घेणारीला जोडायची, म्हणजे उलटसुलट.

आणि सावध. ऑनलाइन मिळणारा ३.३ व्होल्टचा छोटा टीटीएल कन्व्हर्टर बोर्डाच्या कॉम पोर्टला थेट लावू नका. त्या पोर्टवर व्होल्टेज उणे-अधिक दोन्ही बाजूंना जातं, बारा व्होल्टपर्यंतसुद्धा. कन्व्हर्टर जळेल. मध्ये मॅक्स३२३२ सारखी चिप असलेलं बोर्ड लागतं.

पोस्ट कार्ड चालेल का? गणपत गल्लीत दुरुस्तीवाल्याकडे आहे.

थोडंफार. पोस्ट कार्ड म्हणजे बूट कुठल्या टप्प्यावर आहे त्याचा कोड आकड्यात दाखवणारं कार्ड. कोअरबूटसुद्धा पोर्ट ८० वर कोड पाठवतं आणि पीसीआय स्लॉटातलं कार्ड ते दाखवतं. पण कार्डासोबत आलेली पुस्तिका जुन्या बायोसच्या कोडांची असते. कोअरबूटचे कोड वेगळे, ते त्याच्या सोर्समध्ये बघायचे. पुस्तिकेत ‘कीबोर्ड एरर’ लिहिलंय म्हणून कीबोर्ड बदलणारे महाभाग मी पाहिले आहेत. कार्डावरून अडकलं कुठे ते कळतं, का अडकलं ते नाही. बीपच्या भरवशावरही राहू नका. रॅम काढली की मूळ बायोस लांब बीप मारत बसतो, कोअरबूट सहसा गप्पच राहतं.

लॉग आला. आता वाचू कसा?

सगळा वाचू नका. शेवटच्या वीस ओळी बघा.

काहीच आलं नाही, एकही अक्षर नाही: हा रॅमचा प्रश्नच नाही. फ्लॅश अर्धवट झालंय, चुकीचा रॉम आहे, बोर्डावरच्या दोन बायोस चिपांपैकी दुसरीच वाचली जातेय, किंवा तुमच्या सीरियल केबलच्या तारा चुकीच्या जोडल्या आहेत. केबल आधी तपासा.

एसपीडी वाचता आली नाही, मेमरी सापडली नाही असं म्हणून थांबलं: मॉड्यूल नीट बसलेलं नाही, स्लॉट खराब आहे किंवा एसपीडीची चिप गेली आहे. एकच मॉड्यूल ठेवून दोन्ही स्लॉट आळीपाळीने बघा. मॉड्यूल बदलल्यावर दोष मॉड्यूलसोबत फिरतो की स्लॉटाशीच राहतो, एवढं कागदावर लिहा. कागदावरच. तिसऱ्या अदलाबदलीनंतर डोक्यात काही राहत नाही.

एसपीडी वाचली, वेग ठरला आणि ट्रेनिंगच्या टप्प्यात थांबलं किंवा पुन्हापुन्हा रीसेट होत राहिलं: हा खरा रॅम इनिशियलायझेशनचा प्रश्न. पुढचं उत्तर याच्यासाठीच आहे.

रॅमस्टेजपर्यंत (रोमस्टेजनंतरचा, रॅममधून चालणारा टप्पा) पोचलं आणि तिथे मेलं: रॅम उठली, पण आकडे धड राहत नाहीयेत. ट्रेनिंगची खिडकी अरुंद असल्याची ही खूण असू शकते. पेलोड (कोअरबूट शेवटी ज्याच्या हाती कारभार देतं तो प्रोग्राम) सापडत नाही असं म्हणत असेल तर मात्र रॅमला सोडा, तुमचा रॉमच चुकीचा बांधलाय.

कोणती रॅम घेऊ? दुकानदार म्हणतो सगळ्या सारख्याच.

सारख्या नाहीत. माझे स्वतःचे दोन दिवस यात गेले. दोन मॉड्यूल होती, दोन्ही ४ जीबीची, रंगसुद्धा एकच. एक चालायचं, एक नाही. उलटून चिपा मोजल्या तेव्हा कळलं: एकावर सोळा, दुसऱ्यावर आठ.

जी४१ च्या कंट्रोलरला फार दाट चिपा समजत नाहीत. डीडीआर३ घेणाऱ्या जी४१ बोर्डावर ४ जीबीचं मॉड्यूल हवं असेल तर ते सोळा चिपांचं, प्रत्येक चिप २ गिगाबिटची, असंच हवं. लेबलवर २आरएक्स८ असं छापलेलं असतं: दोन रँक, आठ बिट रुंदीच्या चिपा. आठच चिपांचं ४ जीबीचं मॉड्यूल म्हणजे प्रत्येक चिप ४ गिगाबिटची, ती इथे धड चालत नाही. हे कोअरबूटचं पाप नाही, चिपसेटची मर्यादा आहे.

जीए-जी४१एम-ईएस२एल ला डीडीआर२ लागते, दोन स्लॉट, कमाल ८ जीबी. पण ४ जीबीची डीडीआर२ मॉड्यूलं महाग आणि दुर्मिळ. ऑनलाइन जी स्वस्त दिसतात त्यांच्या वर्णनात बारीक अक्षरात ‘फक्त एएमडीसाठी’ असं असतं. त्यांवर चार बिट रुंदीच्या चिपा असतात, इंटेलच्या या कंट्रोलरला त्या चालत नाहीत. स्वस्त म्हणून घेऊ नका. माझ्या मते २ जीबीची एकसारखी दोन घ्या, ८०० मेगाहर्ट्झची, आणि समाधानी राहा. वाचनालयाची नोंदवही आणि मुलांचं टायपिंग ४ जीबीत आरामात होतं.

आणखी एक, प्रोसेसर बदलला तरी रॅमचं वागणं बदलतं. त्याच बोर्डावर ८०० च्या एफएसबीचा (प्रोसेसर आणि चिपसेटमधल्या वाटेचा वेग) प्रोसेसर आणि १३३३ च्या एफएसबीचा प्रोसेसर यांच्यात रॅमचं घड्याळ वेगळ्या हिशोबाने लागतं. एकाच वेळी दोन्ही बदललंत तर काय कशामुळे झालं हे देवाला विचारा.

मूळ बायोसवर हीच रॅम चालते. मग कोअरबूटलाच काय धाड भरली?

रास्त प्रश्न. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीकडे चिपसेटची अंतर्गत कागदपत्रं असतात, विकण्याआधी ती शेकडो मॉड्यूलं लावून बघू शकते. कोअरबूटमधला जी४१ चा कोड स्वयंसेवकांनी हाती असलेल्या बोर्डांवर आणि हाती असलेल्या रॅमवर तपासून लिहिला. तुमचं मॉड्यूल त्यांच्या टेबलावर कधी आलंच नसेल. प्रकल्प १९९९ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत लिनक्सबायोस या नावाने सुरू झाला, २००८ मध्ये त्याचं नाव कोअरबूट झालं. एवढ्या वर्षांतही रॅम उठवणं हा त्यातला सगळ्यात किचकट भागच राहिलाय. इंटेलच्या हॅसवेल पिढीसाठी तर बरीच वर्षं कंपनीची बंद बायनरीच वापरावी लागायची.

म्हणून क्रम असा: एकच मॉड्यूल ठेवा. ते पहिल्या स्लॉटात, मग दुसऱ्यात. मग कमी वेगाचं मॉड्यूल, ६६७ चं असेल तर उत्तम. मग कोअरबूटची नवी आवृत्ती. प्रत्येक वेळी एकच बदल.

सकाळी चालू होत नाही. दोनचार वेळा रीसेट मारलं की होतं. हे कसलं दुखणं?

थंड बूट आणि गरम बूट यातला फरक. रीसेट मारता तेव्हा कंट्रोलरची काही रजिस्टरं आधीच्या अवस्थेतच राहतात, चिपा ऊबदार असतात. रात्रभर बंद राहिल्यावर सगळं शून्यापासून. ट्रेनिंगची खिडकी अरुंद असेल तर तापमानाच्या फरकाने ती थोडी सरकते आणि कालचा मधोमध आज काठ होतो. डिसेंबरात आपल्याकडची पहाट गार असते, अशा तक्रारी तेव्हाच जास्त.

तपासताना प्लग काढा, बटण दाबून उरलेली वीज जाऊ द्या, पंधरा मिनिटं थांबा, मग सुरू करा. असं दहा वेळा. दहातले दहा चालले तर चालला म्हणायचं. एकदा चालला म्हणजे काही नाही.

ट्रेनिंगचे निकाल कोअरबूट फ्लॅशमध्ये जपून ठेवतं, दर वेळी सगळी कसरत नको म्हणून. रॅम बदलली की एसपीडीवरून ते ओळखून नव्याने ट्रेनिंग व्हायला हवं. तरी शंका आली तर तो भाग पुसून स्वच्छ रॉम पुन्हा चढवा. सीमॉसची बॅटरी, ती गोल सीआर२०३२, तीसुद्धा बदला. एवढ्याशा पैशांसाठी इतका जीव का काढता?

आणि बोर्ड उजेडात धरून रॅमच्या स्लॉटांजवळचे कपॅसिटर बघा. माथा फुगलाय, तपकिरी काही सांडलंय? मग कोणताही फर्मवेअर घाला, रॅमला स्थिर व्होल्टेज मिळणार नाही. डीडीआर२ ला १.८ व्होल्ट लागतात, डीडीआर३ ला १.५. शहापुरात सोल्डरिंग करणारे चांगले हात आहेत, त्यांच्याकडे न्या.

बूट होतं, पण लिनक्स मध्येच कोसळतो.

मेमटेस्ट८६प्लस, म्हणजे रॅम तपासायचा प्रोग्राम, चालवा. तो कोअरबूटच्या रॉममध्येच दुसरा पेलोड म्हणून बसवता येतो, मग हार्ड डिस्कही लागत नाही. रात्रभर चालू ठेवा, वीज जाते त्या गावात इन्व्हर्टरवर. चुका ठराविक पत्त्यावरच येत असतील तर मॉड्यूल खराब. सगळीकडे विखुरलेल्या असतील तर वेळेचा किंवा व्होल्टेजचा प्रश्न. एकही चूक नाही तरी कोसळतो? प्रोसेसरचा मायक्रोकोड (प्रोसेसरमधल्या चुका दुरुस्त करणारी कंपनीची बंद बायनरी) बिल्डमध्ये घातलाय का बघा. तत्त्वापायी तो वगळणारे आहेत, त्यांच्या तत्त्वाचा मला आदर आहे, पण काही प्रोसेसर त्याशिवाय खरंच डळमळतात.

दोन बायोस चिपा आहेत. एकच फ्लॅश केली तर?

दोन्ही करा. मुख्य आणि राखीव, दोन्ही १ एमबीच्या. फ्लॅशरॉमला (फ्लॅश करायच्या प्रोग्रामला) कोणती चिप ते सांगता येतं. आधी मूळ बायोस दोनदा वाचून दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात का बघा आणि एक प्रत दुसऱ्या मशिनवर ठेवा. लिनक्समधूनच फ्लॅश करत असाल तर कर्नलला आयओमेम रिलॅक्स्ड हा पॅरामीटर लागतो. बाहेरून क्लिप लावणार असाल तर काळा सीएच३४१ए प्रोग्रामर जसाच्या तसा वापरू नका, त्याच्या डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात आणि चिप ३.३ ची असते. रास्पबेरी पाय बरा.

आणि फ्लॅश करताना यूपीएस. वीज कंपनी हेस्कॉमचं वेळापत्रक तुमच्या सोयीने चालत नाही.

माझा बोर्ड वेगळा आहे.

कोअरबूटच्या यादीत नेमकं तेच मॉडेल आहे का बघा. ‘जी४१च आहे, चालेल’ असं नसतं. बिननावाचे जी४१ बोर्ड आपल्या बाजारात भरपूर आहेत, ते यादीत नाहीत, त्यांवर दुसऱ्याचा रॉम घालू नका. काही मोजके एच६१ बोर्ड यादीत आहेत आणि त्यांच्या पिढीचा रॅमचा कोड जी४१ पेक्षा खूप मुरलेला आहे.

थिंकपॅड एक्स२०० वर दोन मॉड्यूलं लावायची तर जोडी एकसारखीच हवी, नाहीतर एकच लावा. ४ जीबीचं घेताना इथेही २आरएक्स८ च, १०६६ मेगाहर्ट्झची डीडीआर३.

तुम्हाला विचारायचं तर काय पाठवू?

स्क्रीनचा फोटो नको, काळ्या स्क्रीनचे माझ्याकडे पुरेसे फोटो आहेत. पूर्ण सीरियल लॉग फाइल म्हणून द्या. मॉड्यूलच्या दोन्ही बाजूंचा फोटो, लेबल वाचता येईल आणि चिपा मोजता येतील असा. प्रोसेसरचं नाव. रॉम कुठला, कोणत्या आवृत्तीचा. थंड बूट किती वेळा केला आणि त्यात किती वेळा चालला. मराठीत लिहा, कानडीत लिहिलंत तरी चालेल, घरात वाचणारे आहेत. आणि रॅम घासून झाली आहे, हे गृहीत धरतो.